आधी भिंत, मग माणूस: शहरी वास्तूंमधल्या कृष्णधवल फोटोंची सुरुवात कशी करावी

इमारत हलत नाही आणि माणूस थांबत नाही. या फोटोंची सगळी पद्धत या एका गोष्टीवरून ठरते. आधी इमारतीची फ्रेम पूर्ण लावायची, तिच्यात माणसापुरती जागा मोकळी ठेवायची आणि ती जागा भरायला कुणी येईपर्यंत उभं राहायचं. नवखे लोक नेमकं उलटं करतात. रस्त्यात लक्ष वेधून घेणारा कुणी दिसतो, कॅमेरा त्याच्यामागे धावतो आणि इमारत जशी येईल तशी मागे येते: तिरकी, कापलेली, माणसाच्या डोक्यातून खांब उगवलेली.

दुसरी गोष्ट रंगांची. रंगीत फोटोत लाल शर्टातला माणूस हिरव्या भिंतीपुढे लांबून उठून दिसतो. कृष्णधवलमध्ये तोच लाल आणि तोच हिरवा बऱ्याचदा एकाच करड्या छटेत जाऊन बसतात आणि माणूस भिंतीत विरघळतो. या प्रकारातला फसलेला फोटो समोर आला की आधी हेच तपासावं. म्हणून कसोटी सोपी ठेवा: माणूस आणि त्याच्या लगेच मागे जे काही आहे ते, या दोघांच्या उजळपणात किमान दोन स्टॉपचा फरक हवा. तीन असेल तर उत्तम. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) जागा, वेळ, एक्स्पोजर म्हणजे सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा ते, कपडे हे सगळं या फरकासाठीच बघायचं आहे.

साहित्य, थोडक्यात

एक कॅमेरा आणि एकच लेन्स. फुल-फ्रेमवर (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २३ किंवा २४ मिमी. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ मिमीइतका रुंद असतो, तोही चालतो. पहिले काही महिने झूम वापरू नका. एकच लेन्स असली की कुठे उभं राहिलं तर काय मावेल हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच कळू लागतं.

कॅमेऱ्यात फाइल रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा. पडद्यावर कृष्णधवल दिसेल, पण फाइलमध्ये रंग शाबूत राहतील. फक्त मोनोक्रोम जेपेग काढलं तर रंग कायमचे जातात, आणि नंतर ‘फक्त निळं आकाश गडद कर’ असं संगणकाला सांगता येत नाही. जाळीच्या रेषा आणि इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता कॅमेऱ्याने स्वतः बदलणं) बंद करा.

फोनवर एचडीआर बंद करता येत असेल तर जरूर करा. सावल्या उचलून करड्या करणं हे त्याचं कामच, आणि आपल्याला नेमक्या त्या काळ्या हव्या असतात. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून उजेड कमी करायचा.

जागा: काय शोधायचं

मोठी, कोरी, उजेडात असलेली भिंत. तिच्यात एखादं काळं दार किंवा बोळाचं तोंड. ओळीने उभे खांब आणि त्यांच्या पडलेल्या सावल्या. भुयारी मार्गातून वर येणारा जिना, पादचारी पूल, वाहनतळाचा उतार, गोल जिन्याचा गाभारा. थोडक्यात, दोन किंवा तीन मोठे सपाट आकार आणि एक ठळक रेषा, एवढंच मिळालं तरी पुष्कळ झालं. दहा आकार असतील तर अकरावा, म्हणजे माणूस, शोधावा लागतो.

टाळायचं काय? अक्षरं. फ्रेममध्ये कुठेही पाटी, जाहिरात किंवा वाहनाचा नंबर असला की डोळा आधी तिकडे जातो आणि वाचत बसतो. उभ्या केलेल्या गाड्याही नकोत. लटकणाऱ्या तारा एकवेळ चालतील, पण त्या माणसाच्या डोक्यामागून जाऊ देऊ नका.

अमेरिकन फोटोग्राफर पॉल स्ट्रँडने १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर काढलेला फोटो नवख्याने निवांत पाहावा. मॉर्गन बँकेच्या इमारतीत खोल बसवलेल्या अजस्र काळ्या चौकटी, त्यांच्या खाली कामावर निघालेली बोटभर माणसं आणि कलत्या उन्हात त्यांच्या लांबलचक सावल्या. चेहरा एकाचाही ओळखू येत नाही, तरी इमारतीचं वजन त्या चालणाऱ्यांवर पडल्यासारखं वाटतं. चौकटी रिकाम्या आणि एकसारख्या आहेत, म्हणूनच डोळा पुन्हा पुन्हा खाली माणसांकडे येतो.

माणूस किती मोठा हवा

हे अंदाजाने ठरवू नका, गणित अगदी सोपं आहे. लेन्सची फोकल लांबी गुणिले माणसाची उंची, भागिले त्याचं अंतर, म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची. फुल-फ्रेम कॅमेरा आडवा धरला की सेन्सर २४ मिमी उंच असतो. ३५ मिमी लेन्स आणि १.७ मीटर उंचीचा माणूस १० मीटरवर असेल तर प्रतिमा जवळजवळ ६ मिमी, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा चौथा भाग. २० मीटरवर आठवा भाग, ४० मीटरवर सोळावा.

चौथ्या भागाला चेहरा आणि कपडे बोलायला लागतात, इमारत मागे पडते. सोळाव्या भागाला माणूस ठिपका होतो. तो काळ्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळा असेल तरच टिकतो. सुरुवात आठव्या भागापासून करा. हातापायांची ठेवण वाचता येते आणि इमारतही मोठी राहते. अंतर पावलांनी मोजा: पाऊल साधारण ७५ सेंटिमीटरचं धरलं तर २० मीटर म्हणजे सत्तावीस पावलं.

ऊन आणि सावली

उजेडाच्या दोन मांडण्या आहेत, आणि कुठली करतोय हे आधीच ठरवायला हवं.

पहिली: भिंत उजेडात, माणूस गडद. माणूस तुमच्या आणि उजळ भिंतीच्या मधल्या सावलीतून जातो किंवा बोगद्याच्या तोंडापाशी उजेडापुढे येतो. छायाकृती, म्हणजे तपशील नसलेला काळा आकार, मिळतो. ही सोपी, इथूनच सुरुवात करा.

दुसरी: भिंत सावलीत, माणूस उजेडात. दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडलाय आणि माणूस त्यातून जातो. दिसायला जास्त नाट्यमय, पण जास्त फसणारी. कारण कपडे. निरभ्र दिवशी ऊन आणि मोकळी सावली यांत साधारण तीन स्टॉपचा फरक असतो. पांढरं कापड पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त परत फेकतं, तर काळा कोट चार-पाच टक्केच. हा फरक चार स्टॉपचा. आता हिशेब करा. सावलीतली पांढरी भिंत तीन स्टॉप खाली आली तरी उन्हातल्या काळ्या कोटापेक्षा ती उजळच राहते. माणूस भर उन्हात उभा, तरी फोटोत भिंतीपेक्षा काळा! म्हणून दुसऱ्या मांडणीत मागची भिंत सावलीत तर हवीच, शिवाय मुळातच गडद हवी: काळा दगड, गडद रंगाचं शटर, खोल पोर्च. आणि वाट फिक्या कपड्यांतल्या माणसाची पाहायची.

उन्हाचा कोन. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीइतकी पडते, ३० अंशांवर पावणेदोन पट, २० अंशांवर पावणेतीन पट. उंचावरून खाली पाहत फोटो काढायचा असेल तर २० ते ३० अंश सर्वांत उपयोगाचे. वरून माणूस म्हणजे डोकं आणि खांदे एवढाच गोळा दिसतो. तो चालतोय, छत्री धरलीय की सायकल ढकलतोय, हे सावली सांगते.

सावलीची कड किती धारदार येईल हेही ठरवता येतं. सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, सुमारे अर्ध्या अंशाची चकती दिसतो. त्यामुळे सावली पाडणारी कड जितकी दूर, तितकी सावलीची किनार पसरट. सावली पाडणारं छज्ज्याचं टोक ५ मीटरवर असेल तर किनार सुमारे ५ सेंटिमीटर विरते. २० मीटर उंचीवरच्या गच्चीची असेल तर जवळजवळ १९ सेंटिमीटर. कात्रीने कापल्यासारखी सावली हवी असेल तर ती जवळच्या वस्तूची शोधा.

उन्हाचा पट्टा एका जागी राहत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे २० मीटर दूरच्या कोपऱ्याने पाडलेली सावलीची कड मिनिटाला साधारण ९ सेंटिमीटर सरकते. दीड मीटर रुंदीचा पट्टा पंधरा ते वीस मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका बाजूला जातो. तेव्हा पट्टा दिसल्यावर फ्रेम लावायला दहा मिनिटं घालवू नका. त्याऐवजी आदल्या दिवशी जागा बघून ठेवा, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं आधी जाऊन उभे राहा.

ढगाळ दिवस वाया नसतो, पण तेव्हा सावल्यांवर विसंबता येत नाही. फिकी भिंत आणि गडद कपडे एवढ्यावरच काम भागवावं लागतं. पावसानंतरची ओली फरशी मात्र सोडू नका. आकाश तिच्यात उतरतं आणि माणसाच्या पायाखाली आयती उजळ पार्श्वभूमी तयार होते.

फ्रेम: माणसाशिवाय

कॅमेरा आधी सरळ धरा. निसर्गचित्रात अर्ध्या अंशाचा कल खपून जातो. इमारतीत फ्रेमच्या कडेला समांतर डझनभर रेषा असल्याने तो लगेच खुपतो. त्यापेक्षा मोठा त्रास वर पाहण्याचा. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे पडतेय असं दिसतं. यावर उपाय चार: मागे सरका, समोरच्या जिन्यावर किंवा दुसऱ्या मजल्यावर चढा, कॅमेरा उभा आणि सपाट धरून खालची फरशी नंतर कापा, किंवा कलवूनच काढा आणि रेषा संगणकावर सरळ करा. शेवटचा उपाय करायचा असेल तर दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा, कारण दुरुस्तीत कडा कापल्या जातात. दुरुस्तीनंतर माणसाकडेही एकदा बघा. तो बुटका किंवा लंबुळका झालेला असू शकतो.

कल मुद्दाम द्यायचा असेल तर भरपूर द्या. रशियन फोटोग्राफर अलेक्झांडर रॉडचेन्कोने १९३० च्या सुमारास पायऱ्या चढणाऱ्या आई-मुलाचा फोटो काढला, त्यात पायऱ्यांचे पट्टे संपूर्ण फ्रेमभर तिरपे जातात. तिथे तिरपेपणा हाच विषय आहे. तीन अंशांचा कल मात्र चूकच दिसते.

माणसाची जागा फ्रेमच्या अगदी कडेला नको. २४ मिमीसारख्या रुंद लेन्सच्या टोकाला डोकं सुमारे पाव पट जास्त रुंद दिसतं. ३५ मिमीला हा फुगवटा निम्म्यावर येतो. कडेपासून फ्रेमच्या रुंदीचा सहावा भाग तरी आत या.

आता रिकामी फ्रेम एकदा काढून पडद्यावर बघा. माणूस जिथून जाणार तिथे त्याच्या डोक्यामागे काय आहे? खिडकीची चौकट, कठड्याची रेघ, दोन भिंतींचा सांधा? असल्यास एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका, किंवा गुडघ्यावर बसा. कॅमेरा खाली गेला की डोकं मागच्या रेषेच्या वर चढतं. चाळीस सेंटिमीटरची ही हालचाल बहुतेक फोटो वाचवते.

एक्स्पोजर: एकदा लावा, मग हात लावू नका

मॅन्युअल मोड. कारण असं: भिंत उजळ, कॅमेरा ऑटोवर, आणि काळ्या कोटातला माणूस फ्रेममध्ये शिरला की मीटर उजेड वाढवतो, भिंत जळते. पुढच्याच फ्रेममध्ये माणूस गेला की पुन्हा कमी करतो. सहा फोटोंत सहा वेगळ्या भिंती.

भर उन्हासाठी जुना नियम अजून बिनचूक चालतो: एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ इतके सेकंद. (एफचा आकडा लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगतो; आकडा मोठा तितकं तोंड लहान.) आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, म्हणजेच एफ/८ ला १/१६००. यावरून सुरुवात करा आणि मीटरने पडताळा. पडताळताना लक्षात ठेवा की मीटर समोर जे दिसेल त्याला मधलं करडं समजतो. पांढऱ्या भिंतीवर स्पॉट मीटर (फ्रेममधला छोटासा भागच मोजणारा) लावलात आणि काटा शून्यावर आणलात तर भिंत करडी येईल. पहिल्या मांडणीत उजळ भिंतीवर मोजून काटा अधिक दीड ते अधिक दोनवर ठेवा. दुसऱ्या मांडणीत उन्हाच्या पट्ट्यातल्या करड्या फरशीवर मोजा आणि काटा शून्यावर ठेवा; मागची सावली आपोआप काळी पडेल.

मग हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, बघा. आलेखाच्या उजव्या कडेला डोंगर चिकटला असेल तर तिसरा भाग स्टॉप कमी करत जा, सुटेपर्यंत. डावीकडे चिकटला तर चिकटू द्या. डिजिटलमध्ये जळालेला पांढरा परत येत नाही, काळ्यातून मात्र बरंच काही उपसता येतं.

शटर किती? माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. २० मीटरवरून ३५ मिमी लेन्सने आडव्या जाणाऱ्या माणसाला १/२५० पुरेसं. ५ मीटरवर तो सेन्सरवरून चौपट वेगाने सरकतो, तिथे १/५०० ते १/१००० हवं. पाय धडापेक्षा जोरात फिरतात. धड धारदार आणि बूट पुसलेला दिसला तर शटर एक पायरी वाढवा.

मुद्दाम पुसट माणूस हवा असेल तर तिवई लागेलच. १/४ सेकंदात माणूस ३५ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे स्वतःच्या रुंदीपेक्षा कमी: आकार ओळखता येतो, कडा वाहतात. एका सेकंदात तो दीड मीटरच्या आसपास जातो आणि धुराची रेघ उरते. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा, फ्रान्समधल्या इएर गावातला, जिन्यावरून काढलेला सायकलस्वार आठवा. लोखंडी कठडा आणि दगडी पायऱ्या स्थिर, आणि त्यांच्या वळणाच्या पोटातून सायकल पुसत निघून जाते. हालचाल एकट्या माणसात आहे, म्हणूनच ती दिसते. कॅमेरा हलला तर सगळंच पुसतं आणि फोटो नुसता बिघडलेला वाटतो.

बंदिस्त जागेत एलईडी किंवा ट्यूब असतील तर वेगवान शटरला फोटोत आडवे काळे पट्टे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, तिथे १/१०० किंवा १/५० वापरा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक लावलं तरी बराच फरक पडतो.

फोकस

ऑटोफोकस इथे घात करतो. माणूस येईपर्यंत तो मागच्या भिंतीवर बसलेला असतो आणि ऐन वेळी शोधाशोध सुरू करतो. म्हणून माणूस जिथे हवा आहे तिथल्या फरशीच्या सांध्यावर किंवा पायरीच्या कडेवर फोकस घ्या आणि मॅन्युअलवर टाका. फुल-फ्रेमवर ३५ मिमी लेन्स, एफ/८ आणि ५ मीटरवर फोकस असेल तर अडीच मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३ मीटरवर फोकस घेतला तर साधारण १.९ ते ७.२ मीटर. एफ/१६ पर्यंत जायची गरज नाही. तिथे विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) बारीक तपशील मऊ पडू लागतो आणि शटरही फुकट मंदावतं.

थांबणं आणि दाबण्याचा क्षण

या टप्प्यावर घाई करू नका, कारण आतापर्यंत केलेल्या सगळ्याचं फळ इथे मिळतं किंवा हुकतं.

चालणारा माणूस बाजूने बघा. एक क्षण असा येतो की दोन्ही पाय एकमेकांजवळून जातात. त्या वेळी छायाकृतीत तो एका पायावरच्या खांबासारखा दिसतो, उभाच आहे असं वाटतं. त्यानंतर पाऊल पुढे पडतं: पुढची टाच टेकलेली, मागचा चवडा अजून जमिनीवर, दोन्ही पायांच्या मध्ये उजेडाचा स्वच्छ त्रिकोण. हा क्षण हवा. मिनिटाला १०० ते १२० पावलं म्हणजे तो साधारण दर अर्ध्या सेकंदाला येतो आणि डोळ्याला दिसेपर्यंत जातोही. म्हणून टाच टेकलेली दिसल्यावर दाबायचं नाही, पुढचा पाय हवेत पुढे झेपावला की दाबायचं. सेकंदाला दहा फ्रेम्सचा बर्स्ट लावला तर एका पावलात पाच फोटो मिळतात, त्यातला एक जमतो. सेकंदाला तीनचा बर्स्ट असेल तर त्यापेक्षा एकेक दाबणं बरं.

हा त्रिकोण फक्त बाजूने दिसतो. माणूस थेट तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर चालत असेल तर पाय एकामागे एक लपतात. म्हणून जिथे लोकांची वाट तुमच्या नजरेला आडवी जाते अशीच जागा धरा.

पायांबरोबर आणखी दोन फटी बघा. एक हात आणि कंबर यांच्यामधली; ती बंद असेल तर धड पोत्यासारखं दिसतं. दुसरी हनुवटी आणि छाती यांच्यामधली. फोनमध्ये मान घालून चालणाऱ्याचं डोकं छातीत बुडतं आणि छायाकृती बिनमानेची होते. छत्री, टोपी, लांब कोट, हातातली पेटी, सायकल या गोष्टी आकाराला लगेच ओळख देतात. पाठीवरची मोठी बॅग मात्र कुबडासारखी दिसते.

एकटा माणूस मिळाला तर बरा. दोघं असतील तर त्यांच्यात अंगाच्या दुप्पट तरी अंतर असू द्या; अर्धवट एकमेकांवर आलेली दोन माणसं छायाकृतीत चार हातांचा एकच प्राणी होतात. माणूस भिंतीलगत चालत असेल तर त्याची सावली भिंतीवर त्याच्याच अंगाला चिकटते, तेव्हा दोनेक पावलं बाजूला सरकून पाहा.

आणि लोक. कॅमेरा दिसला की भली माणसं थांबतात, ‘काढा तुम्ही’ म्हणून हात करतात किंवा वाकून पळत जातात. कॅमेरा आधीपासून डोळ्याला लावून ठेवा आणि माणसाबरोबर फिरवू नका. तुम्ही इमारतीचा फोटो काढताय असं वाटलं की ती नेहमीसारखी चालतात, आणि तसं पाहिलं तर ते खरंही आहे.

एका जागी अर्धा तास द्या, निदान वीस माणसं जाऊ द्या. पाच मिनिटांत जागा बदलणाऱ्याला सहा बऱ्या इमारती मिळतात आणि फोटो एकही मिळत नाही.

फिल्म वापरणाऱ्यांसाठी

हिशेब उलटा होतो. निगेटिव्हला उजळ भाग सोसवतो, सावलीत उजेड कमी पडला तर तिथे काहीच उमटत नाही. म्हणून तपशील हवा असलेल्या सावलीवर मोजा आणि तिथून दोन स्टॉप कमी करा. निव्वळ छायाकृती हवी असेल तर सावलीचा विचार सोडा, भिंतीवर मोजा. इलफर्डची एचपी ५ प्लस फिल्म ४०० आयएसओवर वापरली तर आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटं. टाकी सुरुवातीला दहा सेकंदांत चारदा आणि मग दर मिनिटाच्या आरंभी तशीच उलटी करायची. जास्त जोरात हलवलं तर कॉन्ट्रास्ट चढतो, आणि भर उन्हातल्या इमारतींना तो आधीच पुरेसा असतो.

पिवळा फिल्टर सुमारे एक स्टॉप खातो, नारिंगी दोन, लाल तीन. लाल फिल्टरने निळं आकाश जवळजवळ काळं येतं हे सगळे सांगतात. सावल्याही गडद होतात, हे कुणी सांगत नाही. उघड्या सावलीत जो उजेड असतो तो निळ्या आकाशाचाच, आणि लाल काच नेमका तो अडवते.

निवड आणि कृष्णधवल रूपांतर

घरी आल्यावर फोटो आधी अगदी लहान करून बघा, तीन सेंटिमीटर रुंद. माणूस लगेच सापडतो का? शोधावा लागत असेल तर तो फोटो बाजूला ठेवा. टोन ताणून तो सुधारणार नाही. मग पूर्ण आकारात पाय, हात, हनुवटी या तीन फटी तपासा.

उरलेल्यांवर काम या क्रमाने करा. प्रथम लेन्सची वक्रता आणि रेषा सरळ करणं, मग क्रॉप. त्यानंतर रंगांचे सरकदांडे: निळा खाली घेतला की आकाश गडद होतं, नारिंगी वर घेतला की त्वचा उजळते, आणि विटांची भिंतही उजळते, कारण तिचा रंग त्याच पट्ट्यात असतो. निळा फार खाली ओढला तर आकाशात दाणे उठतात आणि इमारतीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. उणे ४०च्या पुढे जाताना कडा शंभर टक्के आकारात बघत जा.

मग काळा आणि पांढरा बिंदू (शून्य म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). माणूस छायाकृती असेल तर काळा पूर्ण शून्यावर जाऊ द्या, त्यात उगाच कपड्यांच्या घड्या उकरू नका. भिंतीचा पांढरा २५५ वर न नेता २४५ ते २५० वर थांबवा. कागदावर छापताना पूर्ण पांढऱ्या जागी शाईच पडत नाही आणि फोटोला भोक पडल्यासारखं दिसतं. शेवटी ब्रशने स्थानिक उजळ-गडद, एका वेळी तिसरा भाग ते अर्धा स्टॉप आणि मऊ कडेचा. माणसाच्या मागची भिंत थोडी उजळली की तो आपोआप पुढे येतो. त्याच्याभोवती तेजोवलय दिसू लागलं की ब्रश लहान होता असं समजा. क्लॅरिटीचा (कडांभोवतीचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा) दांडा इमारतीच्या पोताला भावतो, पण माणसाभोवती हेच वलय करतो. सोळा बिटमध्येच (जिथे करड्या छटा खूप जास्त राहतात) काम करा, नाहीतर कोऱ्या भिंतीवर आणि आकाशात पायऱ्या पडतात.

हाँगकाँगचे फोटोग्राफर फॅन हो यांच्या १९५४ च्या गाजलेल्या फोटोत एक तरुणी भिंतीच्या कडेशी उभी आहे आणि तिरपी सावली तिच्या पायापर्यंत आलीय. ती मुलगी त्यांची नात्यातली होती, उभी केलेली. आणि ती सावली त्यांनी डार्करूममध्ये घातली होती. ओळखीच्या कुणाला फ्रेममधून दहा वेळा चालायला लावण्यात काही गैर नाही, सरावासाठी तर ते फार चांगलं. फक्त त्या फोटोला ‘रस्त्यावर सापडलेला क्षण’ म्हणू नका.

परवानगीचं थोडक्यात. खासगी आवारात आणि स्थानकांत विचारून घ्या. तिवई उघडली की बहुतेक ठिकाणी प्रश्न सुरू होतात. कुणी नको म्हटलं तर त्याच्यासमोर फोटो पुसून टाका. चेहरा ओळखू येणाऱ्या लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत.

छापायचा असेल तर मॅट कागदावर काळा तितका खोल उतरत नाही. छायाकृतीच्या फोटोंना ग्लॉसी किंवा बरायटा कागद घ्या, आणि पूर्ण प्रिंटआधी माणूस आणि भिंत दोन्ही येतील अशी हातभर पट्टी छापून पाहा. माणसाचा आकारही फोटो कुठे दिसणार यावरून ठरवा. फ्रेमच्या सोळाव्या भागाइतका माणूस ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या प्रिंटवर जवळजवळ दोन सेंटिमीटरचा होतो आणि भिंतीवर छान दिसतो. तोच फोटो उभ्या धरलेल्या फोनवर साडेसहा सेंटिमीटर रुंद दिसला तर माणूस तीन मिलिमीटरही भरत नाही. फक्त फोनवरच दाखवायचं असेल तर उभी फ्रेम काढा, नाहीतर दहा पावलं पुढे जा.